जबलपूरचे ट्रेनिंग कॉलेज आणि दाराबाहेरचे मूल

जुन्या मध्य प्रांतात आणि वऱ्हाडात मास्तरकी पत्करलेल्या पदवीधराला केव्हा ना केव्हा जबलपूरची वाट धरावी लागे. प्रांताची राजधानी नागपूर खरी. परंतु पदवीधरांना अध्यापनशास्त्राचे धडे देणारे स्पेन्स ट्रेनिंग कॉलेज होते ते जबलपुरात. अमरावती-अकोल्याची, वर्धा-यवतमाळची मराठी मंडळी बिऱ्हाड घरी ठेवून तेथे जात, नरसिंहपूर-सागरकडच्या हिंदी भाषिक सहाध्यायांच्या शेजारी बसून अभ्यास करीत आणि नावापुढे 'एल. टी.' ही दोन अक्षरे लावून परत येत. माझे वडील त्यांपैकीच एक. पुढे प्रांत मोडला, १९५६ साली जबलपूर नव्या मध्य प्रदेशात राहिले आणि विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला. स्पेन्स कॉलेजला प्रांतीय शिक्षण महाविद्यालय असे देशी नाव मिळाले. बऱ्याच वर्षांनी मीही त्याच गावी शिक्षकाची पदवी घेतली. बापलेकांच्या शिक्षणात एका पिढीचे अंतर होते, तथापि वडिलांच्या वह्या उघडून पाहिल्या तेव्हा त्यांत आणि माझ्या वह्यांत फारसे अंतर दिसले नाही. हर्बार्टच्या पायऱ्या, पाठाचे टाचण, फळ्यावरील लेखन, सराव-पाठ, प्रश्न विचारण्याची कला, वर्गातील शिस्त हे सर्व त्यांत होते. ज्याला ऐकू येत नाही, ज्याला दिसत नाही किंवा ज्याची बुद्धी वयाच्या मानाने मागे राहिली आहे अशा मुलाविषयी मात्र दोघांच्याही वह्यांत एक ओळ नव्हती.

ह्या उणिवेची किंमत मला लवकरच कळली. नोकरीच्या पहिल्याच वर्षी माझ्या वर्गात एक मुलगा होता. हजेरी घेताना मी खाली मान घालून नावे वाचीत असे. त्याचे नाव आले की उत्तर येत नसे. दोन-चार दिवस पाहून मी त्याला उद्धट ठरविले आणि वर्गाबाहेर उभे केले. तो निमूटपणे उभा राहिला. आठवड्याने त्याची आई आली आणि तिने सांगितले, की तीन वर्षांचा असताना तापात त्याचे कान गेले. समोरच्याचे तोंड दिसले तर त्याला थोडेफार कळते. मी हजेरीच्या वेळी मान वर केली असती, तर तेवढ्यानेच काम झाले असते! चूक माझी होती, ती मी कोणावर ढकलीत नाही. परंतु त्या दिवसापासून एक प्रश्न माझ्या मागे लागला. अशा मुलांना शिकविणारी माणसे ह्या देशात होती, निदान शंभर वर्षांपासून होती. त्यांना कोणी शिकविले? आणि जे त्यांना ठाऊक होते ते आम्हां सामान्य शिक्षकांपर्यंत का पोहोचले नाही?

युरोपात ह्या विद्येचा आरंभ अठराव्या शतकातला. पॅरिसमध्ये आबे द लेपे ह्या धर्मगुरूने बधिर मुलांना हातांच्या खुणांनी शिकविण्याची शाळा काढली, आणि १७८४ मध्ये त्याच नगरीत व्हालांतँ आयुई ह्याने अंधांची शाळा उघडली. ह्या दुसऱ्या शाळेत पुढे लुई ब्रेल हा विद्यार्थी शिकला. त्याने सहा ठिपक्यांची लिपी १८२९ मध्ये प्रसिद्ध केली आणि तो त्याच शाळेत शिक्षक झाला. अंधांना शिकविण्याचे उत्तम साधन एका अंध शिक्षकाच्या बोटांतून निर्माण झाले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. बधिरांच्या नशिबी मात्र वेगळे आले. १८८० साली इटलीतील मिलान येथे बधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली. तेथे जमलेले बहुतेक सर्व प्रतिनिधी कानांनी ऐकणारे होते, आणि त्यांनी ठराव केला की खुणांची भाषा मागे सारून मुलांना मुखाने बोलावयासच शिकवावे. ह्या ठरावानंतर कित्येक देशांतील बधिर शिक्षकांचे स्थान गेले. आपल्याकडे ही विद्या आली ती ह्या ठरावानंतर आली. त्यामुळे ती आली तीच मौखिक पद्धतीचे सोवळे नेसून.

मुंबईत माझगाव येथे बिशप लिओ म्यूरिन ह्यांच्या पुढाकाराने १८८५ च्या सुमारास बधिरांची संस्था सुरू झाली. ती ह्या देशातील अशा प्रकारची आद्य संस्था मानली जाते. परंतु शिक्षक कसा घडतो हे पाहावयाचे तर कलकत्त्याची हकीकत अधिक बोलकी आहे. गिरींद्रनाथ बोस ह्या गृहस्थांची मुले बधिर होती. त्यांना शिकविण्याचे काम श्रीनाथ सिंह ह्या तरुणाने अंगावर घेतले. त्यासाठी त्याच्यापाशी कोणतीही पदवी नव्हती. ह्या घरगुती प्रयत्नातून १८९३ मध्ये कलकत्त्याची शाळा उभी राहिली. लवकरच चालकांच्या ध्यानात आले, की ही विद्या नुसती पुस्तकांतून येत नाही. म्हणून त्यांनी आपल्यातील जामिनीनाथ बॅनर्जी ह्यांना परदेशी पाठविले. लंडनमध्ये त्यांनी मौखिक पद्धतीचा अभ्यास केला, आणि तेथून ते अमेरिकेत वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट कॉलेजात गेले. त्या कॉलेजात बधिरांच्या शिक्षकांसाठी स्वतंत्र वर्ग १८९१ पासून चालत असे. १८९६ मध्ये जामिनीबाबू परतले, आणि त्यांच्या हाताखाली इतर शिक्षक तयार होऊ लागले.

ही विद्या पुस्तकातून का येत नाही, ते आपल्या मराठीवरूनच सांगता येईल. आरशासमोर उभे राहून 'पाय', 'बाय', 'माय' हे तीन शब्द आवाज न काढता म्हणून पाहावे. तिन्ही वेळा ओठ अगदी सारखेच मिटतात. ओठ वाचणाऱ्या मुलाला ह्यांतील भेद डोळ्यांनी कळणे अशक्य! मग शिक्षक मुलाचा हात आपल्या कंठावर ठेवतो आणि 'ब'चा कंप त्याला दाखवितो. 'म'साठी बोट नाकावर नेतो. 'फ'साठी ओठांपुढे कागदाची पट्टी धरतो आणि ती कशी फडफडते हे मुलाला पाहू देतो. 'त' आणि 'ट' ह्यांतला फरक तर तोंडाच्या आत घडतो, त्यासाठी आरसा लागतो. किती वेळ धरावे, केव्हा सोडावे, मूल कंटाळले हे कशावरून ओळखावे, हे सर्व दुसऱ्या शिक्षकाच्या शेजारी महिनोन् महिने बसूनच कळते. लोहार-सुताराचा मुलगा बापाचा हात पाहून शिकतो, तशी ही परंपरा पुष्कळ वर्षे हातातून हातात गेली. तिचे सामर्थ्य त्यात होते आणि तिची मर्यादाही त्यातच होती. एका शाळेतले ज्ञान त्या शाळेच्या भिंतीआडच राहिले.

एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. त्या काळी ह्या शाळांना 'मूकबधिर विद्यालय' म्हणत. आता जाणते लोक 'मूक' हा शब्द टाळतात, कारण ज्याला ऐकू येत नाही त्याचा कंठ बहुधा शाबूत असतो. तो मुका राहतो तो भाषा न मिळाल्यामुळे. शब्द बदलल्याने शाळा बदलत नाहीत, हे खरे. परंतु हा बदल योग्य होता असे मला वाटते.

अंधांच्या शिक्षणाची कथा मध्य प्रांताच्या थोडी अधिक जवळून जाते. १८८७ मध्ये ॲनी शार्प ह्या मिशनरी बाईंनी अमृतसरला अंधांची पहिली शाळा काढली. दहा वर्षांनी मध्य प्रांतात भयंकर दुष्काळ पडला. पंडिता रमाबाई त्या भागात स्वतः हिंडल्या आणि सुमारे तीनशे निराधार मुलींना पुण्याकडे घेऊन आल्या. केडगावचे मुक्तिसदन वाढले ते ह्या मुलींमुळे. रमाबाईंच्या कन्या मनोरमाबाई अमेरिकेत शिकावयास गेल्या होत्या. तेथे त्यांनी ब्रेल लिपी आत्मसात केली आणि परत आल्यावर केडगावातील अंध मुलींना ती शिकविली. पुढे ह्या विभागाला बर्तिमी सदन असे नाव मिळाले. शिकलेल्या अंध मुलींनी मागून आलेल्या मुलींना शिकविले. महाराष्ट्रात अंधांच्या शिक्षिका तयार होण्याचा हा अगदी आरंभीचा प्रसंग, आणि त्याच्यामागे ना सरकारी आज्ञा होती, ना प्रमाणपत्र. छप्पनच्या दुष्काळानंतर, १९०० मध्ये, मुंबईत ॲना मिलार्ड ह्या अमेरिकन मराठी मिशनच्या बाईंनी अंध मुलांची शाळा काढली. तीच पुढे दादरची शाळा म्हणून नावारूपास आली. १९०२ मध्ये व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा निघाली आणि तिची धुरा डॉ. नीलकंठराय छत्रपती ह्यांच्याकडे आली. डॉक्टरांनी स्वतःची दृष्टी गमावली होती. ब्रेलचेच उदाहरण येथे पुन्हा दिसते.

परंतु नीलकंठरायांनी भारतीय भाषांसाठी ठिपक्यांची जी लिपी बसविली, ती त्यांची स्वतःची होती. मिशनऱ्यांची निराळी, कराचीकडची निराळी, दक्षिणेतली निराळी अशा अनेक ब्रेल लिप्या ह्या देशात एकाच वेळी नांदत होत्या. एका शाळेत तयार झालेला शिक्षक दुसऱ्या शाळेत गेला तर त्याला तेथले पुस्तक वाचता येत नसे! अशा स्थितीत सर्वांसाठी एक अध्यापक विद्यालय निघावे कसे? शिक्षकांच्या शिक्षणाला विलंब का झाला ह्याची चर्चा करताना पैशाचे आणि सरकारच्या उदासीनतेचे कारण आपण नेहमी सांगतो. ते खोटे नाही; पण लिप्यांच्या ह्या भाऊबंदकीकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. गॅलिपोलीच्या रणांगणावर दृष्टी गमावलेले न्यूझीलंडचे सर क्लुथा मॅकेंझी दुसऱ्या महायुद्धात देहरादूनला आले, अंध झालेल्या भारतीय सैनिकांसाठी त्यांनी तेथे सेंट डन्स्टन्सचे वसतिगृह चालविले, आणि १९४४ मध्ये भारतातील अंधत्वाविषयी महत्त्वाचा अहवाल सिद्ध होण्यास त्यांचे मोठे साहाय्य झाले. एक ब्रेल लिपी असावी ह्यासाठी त्यांनी खटपट केली. अखेर १९५१ मध्ये भारती ब्रेल स्वीकारली गेली. तिच्यात 'क'ला इंग्रजी 'के'चे, 'म'ला 'एम'चे ठिपके आहेत. हिंदी, मराठी, बंगाली, तमिळ सर्वांना मूळ योजना एक. त्यानंतर बारा वर्षांनी, १९६३ मध्ये, केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने एका अमेरिकन संस्थेच्या सहकार्याने मुंबईत अंधांच्या शिक्षकांसाठी प्रादेशिक शिक्षणकेंद्र उघडले. दिल्ली, मद्रास आणि कलकत्त्याजवळील नरेंद्रपूर येथेही अशी केंद्रे झाली. लिपी एक झाल्यावाचून हे घडू शकले नसते असे माझे मत आहे.

आता ज्यांना पूर्वी मतिमंद म्हणत त्या मुलांकडे वळू. येथे इतिहासाने एक विलक्षण वळण घेतले आहे. फ्रान्समधील इतार नावाच्या वैद्याने रानात सापडलेल्या एका मुलाला शिकविण्याचा प्रयत्न केला; त्याचा शिष्य सेगँ ह्याने मंदबुद्धी मुलांसाठी लाकडी आकार, खाचांच्या फळ्या, स्पर्शाने ओळखावयाच्या वस्तू अशी साधने बनविली. रोममध्ये १९०० साली अशा मुलांच्या शिक्षकांसाठी एक विद्यालय निघाले आणि त्याच्या संचालनात मारिया माँटेसरी होत्या. इतार व सेगँ ह्यांचे ग्रंथ त्यांनी स्वतःच्या हाताने भाषांतरून उतरून काढले होते. ह्या मुलांवर यशस्वी झालेली साधने त्यांनी १९०७ पासून सामान्य बालकांच्या हाती दिली, आणि तेथून ती जगभर गेली. गिजुभाई बधेका आणि आपल्या ताराबाई मोडक ह्यांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. माँटेसरीबाई स्वतः १९३९ मध्ये मद्रासला आल्या. गावोगावच्या बालमंदिरांतून मराठी शिक्षिका खाचांच्या फळ्या व खरखरीत कागदाची अक्षरे हाताळू लागल्या. ज्या मुलांसाठी ही साधने प्रथम निर्माण झाली, ती मुले मात्र त्याच बालमंदिराच्या दारावरून परत पाठविली जात. शिक्षिकांचा ह्यात दोष नव्हता. साधनांचा पूर्वेतिहास त्यांना कोणी सांगितला असेल असे वाटत नाही.

मूल मागे का पडते हे ओळखण्याचे साधनही जवळजवळ त्याच सुमारास मराठीत आले होते. डॉ. वि. वि. कामत ह्यांनी धारवाड भागातील कन्नड आणि मराठी मुलांवर प्रयोग करून बिने ह्याच्या बुद्धिमापन कसोट्या आपल्या भाषांत बसविल्या. त्यांचा ग्रंथ १९४० मध्ये निघाला. कामतांची ही कसोटी अनेक दशके वापरात राहिली. पण मोजल्यानंतर मुलाला पाठवावयाचे कोठे? १९४१ मध्ये मुंबईच्या चिल्ड्रन्स एड सोसायटीने मंदबुद्धी मुलांसाठी गृह सुरू केले. १९४४ मध्ये श्रीमती जय वकील ह्यांनी आपल्या मुलीच्या निमित्ताने मुंबईत शाळा काढली. पुण्यात सिंधुताई जोशी ह्यांनी १९६४ मध्ये 'कामायनी' स्थापन केली, आणि शाळेबरोबरच शिक्षकांच्या प्रशिक्षणाचेही काम हाती घेतले. कलकत्त्यात जे घडले तेच येथेही घडले. प्रथम एक मूल, मग त्याच्यासाठी शिक्षक, मग त्या शिक्षकाच्या भोवती शिकणारे आणखी काही जण. शासन ह्या रांगेत सर्वांत शेवटी.

शासनाने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९४४ च्या सार्जंट योजनेत अपंग मुलांचे शिक्षण राष्ट्रीय शिक्षणव्यवस्थेचा आवश्यक भाग असल्याचे म्हटले होते. १९६४ ते १९६६ ह्या काळातील कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव होते कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक. आयोगाने १९८६ पर्यंत अंध, बधिर व अस्थिव्यंग मुलांपैकी शेकडा १५ आणि मतिमंद मुलांपैकी शेकडा ५ मुलांना शिक्षण मिळावे असे लक्ष्य ठेवले. लक्ष्य किती नम्र होते पाहा! शंभरांपैकी पंच्याऐंशी अंध मुले वीस वर्षांनीही शाळेबाहेर राहतील हे त्यात गृहीतच होते. परंतु शिक्षकच नसताना ह्याहून मोठा आकडा कोण लिहिणार? १९७४ मध्ये केंद्राने एकात्म शिक्षणाची योजना आणली. अपंग मुलांनी शक्य तेथे शेजारच्या मुलांबरोबर सामान्य शाळेत बसावे हा तिचा हेतू.

ह्या हेतूने दोन वाटा प्रथमच एकमेकींसमोर आल्या. एक वाट जबलपूरच्या ट्रेनिंग कॉलेजची, सामान्य शिक्षकांची. दुसरी माझगाव, दादर, केडगावची. १९८७ मध्ये राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने युनिसेफच्या साहाय्याने काही राज्यांतील निवडक विकासगटांत एक प्रकल्प चालविला. त्या राज्यांत मध्य प्रदेश होता आणि महाराष्ट्रही होता. गटातील सर्व शिक्षकांना सुमारे आठवड्याचे शिक्षण, त्यांतील दहांपैकी एकाला सहा आठवड्यांचे, आणि आठ-दहा निवडक शिक्षकांना वर्षभराचे. हे शेवटचे शिक्षण परिषदेच्या प्रादेशिक महाविद्यालयांत, म्हणजे अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर व म्हैसूर येथे. वर्षभर शिकलेला शिक्षक अंध, बधिर, मतिमंद अशा सर्व प्रकारच्या मुलांना साहाय्य करील अशी कल्पना होती. जुन्या तज्ज्ञांना ती रुचली नाही. एका वर्षात ब्रेल, उच्चारशिक्षण आणि मानसशास्त्र सर्व काही कसे येणार, हा त्यांचा आक्षेप. तो निराधार नव्हता. उलटपक्षी, खेड्यात अंध मूल एक, बधिर मूल एक. तेथे तीन तज्ज्ञ कोण पाठविणार? हा वाद अजून मिटलेला नाही.

दरम्यान १९९२ मध्ये भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा झाला आणि विशेष शिक्षकाचा अभ्यासक्रम ठरविण्याचे व त्याची नोंदणी करण्याचे काम ह्या परिषदेकडे आले. नोंदणीवाचून हा व्यवसाय करणे दंडनीय ठरले. श्रीनाथ सिंहांसारख्या प्रमाणपत्रहीन तरुणाला आज कलकत्त्यात शिकविता आले नसते, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. पण त्याबरोबर वाटेल त्याने वाटेल तसे प्रयोग मुलांवर करण्याचेही दार लागले, हे मान्य केले पाहिजे. मध्य प्रदेशात ह्या परिषदेने भोज मुक्त विद्यापीठाशी हातमिळवणी केली आणि दूरशिक्षणाने विशेष शिक्षणातील बी. एड. होण्याची सोय झाली. कंठावर हात ठेवून शिकावयाची विद्या टपालाने पाठविता येते काय, असा प्रश्न माझ्यासारख्या जुन्या माणसाला पडतो. त्यासाठी संपर्कवर्ग आणि प्रत्यक्ष शाळेतील सराव ठेवलेला आहे. तो किती मनापासून होतो, ह्यावर सारे अवलंबून.

मिलानच्या ठरावाचे ओझेही हळूहळू उतरत आहे. २०१५ मध्ये दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषेचे संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले, आणि २०२० च्या शैक्षणिक धोरणाने ह्या भाषेच्या प्रमाणीकरणाचा पुरस्कार केला. बधिर माणसे पुन्हा शिक्षक म्हणून, आणि शिक्षकांचे शिक्षक म्हणून, पुढे येत आहेत. २०२१ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिक स्तरावर दहा विशेष विद्यार्थ्यांमागे एक आणि त्यापुढील स्तरावर पंधरांमागे एक विशेष शिक्षक असावा असे प्रमाण सांगितले. ज्या गोष्टीसाठी आईबापांनी एकेकाळी घरीच शाळा काढल्या, तिच्यासाठी त्यांना न्यायालयाचे दार ठोठवावे लागले.

आणि जबलपूरचे काय? तेथे, आणि देशातील सर्वच अध्यापक महाविद्यालयांत, २०१४ च्या नव्या नियमांनंतर बी. एड.चा अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला. त्या नियमांबरोबर आलेल्या आराखड्यात सर्वसमावेशक शाळा कशी घडवावी हा विषय सर्व विद्यार्थ्यांना घातला गेला. आराखड्यात काही विषय पूर्ण धरले आहेत आणि काही अर्धे. हा विषय अर्ध्यांत आहे. माझ्या वेळी तो अर्धाही नव्हता.